दोन रंगांचं तळं

गल्लीत त्याला सगळे जगप्रवासी म्हणत. चेष्टेनंच म्हणत, पण त्या चेष्टेत थोडा हेवाही होता. बाकीच्यांचा प्रवास म्हणजे सासुरवाडीला जायचं आणि सर्दी घेऊन परत यायचं. आणि हा गडी आज या देशात, तर पुढच्या महिन्यात त्या देशात. डोंगरमाथ्यावरची देवळं, बर्फातल्या जत्रा, जमिनीतून उकळतं पाणी उसळणारी कुंडं, अशा ज्या गोष्टी लोक कॅलेंडरवर बघतात आणि महिना संपला की पान उलटतात, तिथं हा जाऊन यायचा. आला की बॅगेला विमानतळाची चिठ्ठी लटकत असायची. ती तो मुद्दाम फाडत नाही, असं समोरचा सायकलवाला म्हणायचा, आणि सायकलवाल्याचं म्हणणं अगदी खरं होतं.

तो एका यात्रा कंपनीत आचारी होता. माणसं मोठ्या हौसेनं जग बघायला निघतात, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांना परक्या जेवणाचा वास नकोसा होतो आणि घरचं ताट डोळ्यांसमोर नाचायला लागतं. म्हणून कंपनी प्रत्येक सहलीबरोबर आपला आचारी धाडायची. सोबत पातेली, झारे, पोळपाट आणि मसाल्याचे डबे. सहलीतले लोक त्याला महाराज म्हणत. परत निघताना त्याच्याबरोबर फोटो काढत आणि म्हणत, "महाराज, तुम्ही होतात म्हणून आम्ही जगलो बघा."

आता एवढं फिरून या महाराजांनी बघितलं काय? तर मोऱ्या बघितल्या. निरनिराळ्या देशांतल्या हॉटेलांच्या मागच्या बाजूला असतात त्या मुदपाकखान्यांतल्या मोऱ्या, फरशा, कांद्याची पोती आणि गॅसच्या टाक्या. लोक नाश्ता करून बसमध्ये चढले की हा दुपारचं चिरायला बसायचा. ते डोंगर चढून, देव बघून, धापा टाकत परत यायचे तेव्हा यानं ताटं मांडलेली असायची. खिडकी असलीच तर तिच्यातून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची. सहलीचा व्यवस्थापक मनानं चांगला माणूस. दर वेळी म्हणायचा, "महाराज, पुढच्या खेपेला तुम्हीपण चला वर." आणि पुढच्या खेपेला नेमकं कुणाचं तरी पथ्य निघायचं, नाहीतर भाजी उशिरा यायची. पुढची खेप काही आली नाही.

पहिल्या सहलीहून तो घरी आला तेव्हा बायकोनं त्याला पाय धुवायचीही उसंत दिली नव्हती. लेक तेव्हा लहान होती, तिलाही झोपेतून उठवून बसवलेलं. "सांगा ना," बायको म्हणाली, "काय काय बघितलंत?" तिनं स्वतः गल्लीच्या तोंडाशी असलेला दवाखाना आणि दोन गावं, यापलीकडे काही बघितलं नव्हतं. दिवसभर शिवणयंत्रावर शाळेचे गणवेश शिवायची. ती आणि लेक अशा तोंडाकडे बघत बसलेल्या, की त्याला मोरी सांगवेना. मग त्यानं जे ऐकलं होतं ते सांगितलं. वाढताना आचाऱ्याच्या कानावर सगळं पडतं. देवळाच्या पायऱ्या कशा, दारावरचे सिंह कसे, धुकं कसं येतं आणि कसं जातं. फक्त "ते म्हणत होते" हे तेवढं त्यानं गाळलं. याला खोटं म्हणायचं का? म्हणा. मी म्हणत नव्हतो, निदान तेव्हा तरी.

आणि माणूस सांगायचा फक्कड! जेवायला वाढावं तसं सांगायचा, थोडं थोडं, पुन्हा विचारून. संध्याकाळी दारात खुर्ची टाकली की शेजारपाजारचे जमायचे. सायकलवाला मधेच खोडी काढायचा, "काय हो, त्या देवळातला देव तुम्हाला नावानं हाक मारत असेल ना एव्हाना?" सगळे हसायचे, आणि हाही हसून पुढं चालू ठेवायचा. बायको आत यंत्रावर बसून ऐकायची. आवडीचा भाग आला की यंत्र थांबायचं.

तिचा सगळ्यात आवडीचा भाग म्हणजे तळं. एका उंच डोंगरावर लाल झेंड्यांचं देऊळ आहे. वर्षातून एकदा तिथं जत्रा भरते आणि जुने झेंडे उतरवून नवे चढवतात. त्या देवळाच्या कठड्यापाशी उभं राहून खाली बघितलं, की दरीत एक तळं दिसतं. अर्धं हिरवं आणि अर्धं निळं. मधे पट्टीनं आखावी तशी सरळ रेघ. वारा आला तरी हिरवं पाणी निळ्यात जात नाही आणि निळं हिरव्यात येत नाही. एका जेवणात एक निवृत्त मास्तर इतके रंगून बोलले होते, की याच्या हातातला डाव तसाच राहिला होता. ते तळं त्या लाल झेंड्यांच्या देवळाखालचं, अशी त्याची पक्की समजूत झाली. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं या समजुतीनंच झालं. तो गेला नव्हता, एवढंच त्याचं खोटं. तळं आहे, याबद्दल त्याला स्वतःलाही तिळमात्र शंका नव्हती.

"हिरवं कसं? पोपटी?" बायको दर वेळी विचारायची.

"पोपटी नाही गं. शेवाळी."

"आणि निळं?"

"गणवेशाचं असतं ना तसं."

मग ती जरा वेळ तशीच बसायची आणि यंत्र पुन्हा सुरू व्हायचं.

लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेली आणि बायकोच्या डोळ्यांचं सुरू झालं. आधी ती दाराच्या चौकटीला खांदे आपटायला लागली. मग एकदा चहाचं भांडं टेबलाच्या ऐवजी हवेतच ठेवलं आणि पाय भाजून घेतला. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी काचबिंदू सांगितला. कडेची नजर गेली ती परत येणार नाही, पण थेंब न चुकता घातले तर आहे ती बरीच वर्षं टिकेल. बाई तरुण होत्या, तरी नीट समजावून सांगणाऱ्या. त्यांनी आणखी एक सांगितलं. "मावशी, नजर गेली की तिथं काळं दिसेल असं समजू नका. काळं नाही दिसत. जी जागा दिसत नाही, ती आजूबाजूच्या रंगानं भरून निघते. तुम्हाला रस्ता दिसेल, झाडं दिसतील, पण रस्त्यावरची सायकल नसेलच. म्हणून जे दिसत नाही ते नाही, असं धरून चालू नका. घरच्यांना विचारा."

त्या दिवसापासून घरात तसा रिवाजच पडला. ती दारात थांबायची आणि म्हणायची, "काय आहे पुढं?" तो म्हणायचा, "उजवीकडे स्टूल आहे." तिला तिथं नुसती फरशी दिसायची. तरी ती वळसा घालून जायची. हात लावून खात्री करायचंही तिनं पुढं पुढं सोडून दिलं. "तुम्ही म्हणालात आहे, म्हणजे आहे," असं म्हणायची. पुष्कळ बायका नवऱ्यावर विश्वास ठेवतात, पण स्वतःच्या डोळ्यांपेक्षा जास्त ठेवणारी मी हीच एक बघितली.

एक दिवस थेंब घालून घेताना, मान मागं टाकलेली असतानाच ती म्हणाली, "मला ते तळं बघायचंय."

थेंब गालावर पडला.

"आंधळी व्हायच्या आत एक तरी गोष्ट बघीन म्हणते. सगळं नको. तेवढं एकच."

"अगं, डॉक्टर म्हणाल्यात ना, टिकेल म्हणून."

"टिकलं तर चांगलंच आहे. मग आयुष्यभर ते तळं आठवत बसेन. नेता का?"

त्या वेळी सांगायचं होतं त्यानं. समोर मान मागं टाकून, डोळे मिटून बायको बसलेली. त्याला तिच्या डोळ्यांना डोळे भिडवायचीही गरज नव्हती. दोन वाक्यांचं काम. 'मी वर कधी गेलो नाही. मीही बघितलं नाही.' पण तो म्हणाला, "नेतो की." आणि मनात म्हणाला, त्यात काय, दोघंही पहिल्यांदाच बघू, तिला कळायचं कारण नाही. त्याला तर उलट आनंदच झाला. इतकी वर्षं जे दुसऱ्यांच्या तोंडून उष्टं ऐकलं ते आता स्वतः बघणार. फोनवर लेकीला सांगताना त्याचा आवाज पोरासारखा झाला होता. लेक आणि जावई दोघांनी मिळून तिकिटांचं बघितलं. कंपनीत त्यानं रजा मागितली तेव्हा व्यवस्थापक म्हणाला, "महाराज, आमच्याबरोबरच चला की, वहिनींना घेऊन." त्यानं हात जोडले. पातेल्यांशिवाय जायचं होतं त्याला.

इकडे बायकोनं भलतंच आरंभलं. तिनं शिवण बंद केलं, टीव्ही बंद केला, दुपारचं डोळ्यांवर ओला रुमाल ठेवून पडून राहायला लागली. विचारलं तर म्हणाली, "राखून ठेवतेय." जणू नजर म्हणजे डब्यातलं पीठ, आणि आत्ता कमी वापरलं तर सणाला पुरेल. त्यानं पुष्कळ समजावलं. ती रुमाल काढायची नाही. निघायच्या दिवशी मात्र टक्क डोळे उघडून बसली, पण विमानात खिडकीपाशी असूनही तिनं बाहेर बघितलं नाही.

डोंगराच्या पायथ्याचं हॉटेल त्याच्या ओळखीचं होतं. म्हणजे मागून ओळखीचं. टॅक्सीतून उतरल्यावर त्याचे पाय आपसूक बोळातून मागच्या फाटकाकडे वळले आणि बॅगा ओढत दोघं थेट भांडी घासायच्या ओट्याशी जाऊन उभे राहिले. तिथली भांडी घासणारी बाई त्याला बघून ओल्या हातांनीच धावत आली. दोघांनी एकमेकांना खुणा करकरून हसून घेतलं. त्याला त्या देशाची भाषा येत होती ती कांदा, तेल, मीठ, पाणी आणि उद्या, एवढीच. पुढच्या दाराशी गेल्यावर मात्र तिथल्या मुलीनं त्याला अनोळखी माणसासारखं नाव विचारलं. खोलीकडे जाताना बायको कौतुकानं म्हणाली, "मागं सगळे किती ओळखतात तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी जत्रा होती. सकाळी डोंगर चढायला सुरुवात केली आणि पहिल्याच फाट्यावर तो अडखळला. एक वाट डावीकडे जात होती, एक उजवीकडे. "रस्ता बदललेला दिसतोय," तो म्हणाला, आणि गर्दी जिकडे चालली होती तिकडे निघाला. ऊन स्वच्छ होतं. धुक्याचं नाव नव्हतं. म्हाताऱ्या बायका, पाठीवर तान्ही पोरं बांधलेल्या आया, नवे झेंडे खांद्यावर घेतलेले पुरुष, सगळे रांगेनं चढत होते. बायकोनं त्याचा दंड धरला होता आणि तो सांगत होता, "पायरी उंच आहे. आता दगड. आता सपाट." ती बिनचूक पाऊल टाकत होती. मधे मधे दम घ्यायला थांबले की ती विचारायची, "सिंह आले का हो? दारावरचे?"

"येतील."

सिंह आले. खरोखरच आले, दोन, दगडी, एकाचा कान तुटलेला. त्याला एवढं हायसं वाटलं, की त्यानं त्या तुटक्या कानाला हात लावून नमस्कार केला. मग देऊळ आलं. लाल झेंडे आले, उन्हापावसानं विटून गुलाबी झालेले. ऐकलेलं एकेक खरं होत चाललं तशी त्याची छाती रुंदावत गेली. आणि गर्दीतून वाट काढत ते कठड्यापाशी पोचले.

नेमकी तेव्हाच तिच्या बुटाची नाडी सुटली. तो वाकला, खाली बसला, आणि नाडी बांधता बांधताच, मान वर न करता, मोठ्या आनंदानं म्हणाला, "बघ, आलं तुझं तळं! समोर, खाली बघ."

स्वतः बघायच्या आधी म्हणाला. घरात जसं स्टूल आहे म्हणायचा तसं.

त्यानं गाठ मारली, ती पुन्हा घट्ट केली, आणि वरून काहीच आवाज येईना म्हणून उठला. समोर दरी होती. दरीत झाडी होती, दाट, काळपट हिरवी, या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत. कुठं फट नव्हती. तळं नव्हतं.

तो कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवत राहिला. मागच्या बाजूनं दिसत असेल, असं त्याच्या मनात आलं. आणि एवढ्यात बायको हळू म्हणाली, "मला दिसत नाहीये हो."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. काळजीही नव्हती अजून. ती वाट बघत होती, की हा काहीतरी सांगेल.

आणि हा माणूस, ज्याला मी इतका वेळ सांभाळून घेत आलो, तो म्हणाला, "नीट बघ."

डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं, एखादी गोष्ट दिसली नाही तर मान हळूहळू फिरवायची, म्हणजे ती नजरेच्या शाबूत भागात येते. तिनं तसं केलं. मान डावीकडे नेली, उजवीकडे नेली, हनुवटी खाली केली, वर केली. कठडा दोन्ही हातांनी धरून, ओठ मुडपून, सुईत दोरा ओवताना करायची तसं तोंड करून ती त्या झाडीत तळं शोधत राहिली. तो मागून देवळाला वळसा घालून आला. मागं खडक होता. दुसऱ्या बाजूला आलेली वाट होती. तो परत आला तेव्हा ती अजून शोधत होती.

"झाडं दिसतायत," ती म्हणाली. "सगळीकडे झाडंच. डॉक्टर म्हणाल्या होत्या तसंच झालं बघा. आजूबाजूच्या रंगानं भरून निघतं. मधलंपण गेलं माझं."

"अगं नाही," तो म्हणाला. "तळं नाहीच आहे इथं."

ती त्याच्याकडे वळली.

"नाहीच आहे. झाडीच आहे. मलाही झाडीच दिसतेय. माझी चूक झाली. मी कधी वर आलोच नव्हतो गं. मी खालीच असायचो, स्वयंपाक करत. लोक जेवताना बोलायचे ते मी तुला सांगायचो. तळं दुसरीकडे कुठंतरी असेल. मी ऐकण्यात घोटाळा केला. तुझे डोळे चांगले आहेत. शप्पथ."

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं तिला सगळं खरं सांगितलं. धडाधड, एका दमात.

तिनं त्याच्या हातावर थोपटलं. लेक लहानपणी पडली की थोपटायची तसं. "असू दे हो," ती म्हणाली. "कशाला एवढं करता? सिंहाचं सांगितलंत, सिंह होते. झेंड्यांचं सांगितलंत, झेंडे आहेत. आणि तळंच तेवढं नाही होय?"

ती म्हणत होती ते अगदी रीतसर होतं. त्यानं स्वतःच तिला असं शिकवलं होतं.

तो कासावीस झाला. बाजूला एक म्हातारी थर्मासमधून चहा विकत होती. तिला हाताला धरून त्यानं कठड्यापाशी आणलं, दरीकडे बोट दाखवलं, आणि त्याला येत होता तो शब्द ओरडून ओरडून विचारला. पाणी? पाणी? म्हातारीनं त्याच्या घामेजल्या तोंडाकडे बघितलं आणि लगबगीनं पाण्याची बाटली काढून दिली. वर पैसेही घेईना.

"तहान लागली का तुम्हाला?" बायको म्हणाली. "बसा जरा. दमलात."

तेवढ्यात ढोल वाजायला लागले. जुने झेंडे खाली आले आणि नवे दोरावरून वर सरकायला लागले. लालभडक, ओळीनं, निळ्या आभाळात. वारा भरला तसे ते एकदम उघडले आणि सगळ्या गर्दीनं एका आवाजात हाक दिली. त्याच्या अंगावर काटा आला. आयुष्यभर आडून ऐकलेली गोष्ट त्याच्या डोळ्यांपुढं घडत होती. त्यानं बायकोचा खांदा हलवला. "बघ, बघ, झेंडे चढतायत! हे दिसतंय ना?"

ती कठड्याला पाठ लावून खाली बसली होती. तिनं डोळे मिटून घेतले होते.

"तुम्ही बघा," ती म्हणाली. "मला घरी गेल्यावर सांगा."

त्यानं पुष्कळ विनवलं. तिनं डोळे उघडले नाहीत. उतरताना ती त्याचा दंड धरून, डोळे मिटूनच उतरली, आणि एकाही पायरीला चुकली नाही.

घरी आल्यावर त्यानं जमतील तेवढे उपाय केले. व्यवस्थापकाला घरी बोलावलं. तो बिचारा म्हणाला, "वहिनी, तळं त्या डोंगरावर नाहीच. ते दुसऱ्या देशात, दुसऱ्या देवळाखाली आहे. मास्तरांनी सांगितलं त्या दिवशी दोन सहलींचे लोक एकत्र जेवायला होते." बायकोनं त्याला चहा दिला, मुलाबाळांची चौकशी केली, आणि तो गेल्यावर नवऱ्याला म्हणाली, "त्यांना कशाला त्रास दिलात?" डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की नजर होती तेवढीच आहे, जराही कमी झालेली नाही. बायको मान डोलवत राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "पोर गुणाची आहे. कुणाचं मन मोडत नाही."

मग त्यानं लेकीला बोलावलं. ही तरी समजावेल म्हणून तिला सगळं सांगितलं, कठड्यापासून मागं पार पहिल्या सहलीपर्यंत. लेक ऐकत गेली. शाळेत तिनं मैत्रिणींना हे सगळं सांगितलेलं होतं, निबंधात लिहिलेलं होतं. ती आईला समजावायला आत गेली आणि हात हलवत परत आली. निघताना चपला घालत म्हणाली, "म्हणजे बाबा, एकदाही नाही? एकाही ठिकाणी?"

"नाही गं."

तिनं मान हलवली. त्यानंतर ती फोन करायची तो आईसाठीच. जिनं विश्वास ठेवायला हवा होता तिनं ठेवला नाही, आणि जिला कळलं नसतं तर बरं असं वाटत होतं तिनं मात्र लगेच ठेवला.

थेंब बायकोनं सोडून दिले. "गेलेल्या नजरेला कशाला औषध?" एवढंच म्हणायची. तो जबरदस्तीनं घालायचा. ती घालू द्यायची, आणि त्याची पाठ वळली की हाताच्या पाठीनं पुसून टाकायची. यंत्रावर तिनं चादर टाकली. दिवसभर खिडकीशी डोळे मिटून बसायची. दिसणारे डोळे मिटून बसलेलं माणूस बघणं फार वाईट. त्यानं तिच्यापुढं हात जोडले, तो रागावला, एकदा तिच्यासमोर भिंतीवर डोकं आपटून घेतलं. ती घाबरून उठली, चाचपडत आली, आणि त्याच्या कपाळाला हळद लावली. डोळे उघडून लावली, बरोबर जागेवर लावली. पण तेही तिला पटलं नाही. हाताला कळतं, म्हणाली.

त्यानं नोकरी सोडली. दारातली खुर्ची आत गेली. सायकलवाल्यानं एकदा सवयीनं हाक मारली, "काय जगप्रवासी!" आणि त्याचं तोंड बघून पुन्हा कधी मारली नाही. आणि वर्ष उलटून गेल्यावर एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी तिच्या डोळ्यांत बॅटरी धरली, बराच वेळ धरली, आणि मग त्याच्याकडे बघून हळूच मान हलवली. आता नजर खरंच गेली होती.

बायकोला त्याचं नवल वाटलं नाही. तिच्या हिशेबी ती डोंगरावरच गेली होती.

त्या दिवशी दुपारी दोघं खिडकीशी बसले होते. खाली गल्लीत कुणीतरी धुतलेल्या चादरी वाळत घातल्या होत्या आणि त्या वाऱ्यानं फडफडत होत्या. त्या आवाजानं त्याला एकदम आठवलं. "तुला झेंड्यांचं सांगायचं राहिलंच," तो म्हणाला. "तू म्हणाली होतीस, घरी गेल्यावर सांगा." आणि सांगायला लागला. लाल कसे होते, वारा कसा भरला, लोक कसे ओरडले, पुढं उभ्या असलेल्या एका माणसानं टोपी काढून कशी छातीशी धरली होती. आयुष्यात पहिल्यांदा तो स्वतः बघितलेलं सांगत होता.

तिनं थोडा वेळ ऐकून घेतलं.

"ते राहू दे," ती म्हणाली. "तळ्याचं सांगा."

चादरी फडफडत राहिल्या.

"सांगा ना."

"डोंगराच्या खाली तळं आहे," तो म्हणाला. "अर्धं हिरवं, अर्धं निळं."

"पोपटी?"

"पोपटी नाही. शेवाळी. आणि मधे सरळ रेघ."

तिनं मान त्याच्याकडे वळवली. कितीतरी महिन्यांनी तिनं आपणहून डोळे उघडले होते.

"हां," ती म्हणाली. "आता दिसलं."